दाराला नोट अडकते का?

(आमच्या सामुदायिक रेडिओवरील ‘बचतीच्या गोष्टी’ या सदरातलं बोलणं)

मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीला गेले होते. चहाच्या वेळी तिघीजणींनी तीन वेगवेगळ्या गावांतून एकच गाऱ्हाणं सांगितलं. “ताई, गटाचा फ्रिज गार करत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय.” मी म्हटलं, दाराचं रबर बघितलं का? तर तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणून आज फ्रिजच्या दाराबद्दल बोलणार आहे. नुसत्या दाराबद्दल. मशीनमधलं मला काही कळत नाही, मी बी.ए. मराठी आहे. पण या दारानं आमच्या गटाला जे शिकवलं, त्याची फी आम्ही भरलेली आहे.

झालं असं, की आमच्या गटानं पनीर आणि श्रीखंडाचं काम सुरू केलं तेव्हा फ्रिज घ्यायचा ठरला. नवा परवडत नव्हता. तालुक्याला एका दुकानात जुना मिळत होता, 190 लिटरचा, एका दाराचा, साडेपाच हजारांना. घ्या म्हणणारी मीच होते. अंतर्गत कर्जातून पैसे काढले. पहिला उन्हाळा बरा गेला. पावसाळ्यात वरच्या बर्फाच्या कप्प्यात बर्फाचे डोंगर साचायला लागले आणि खालचं दही मात्र आंबट होऊ लागलं. मेकॅनिक आला, अठराशे रुपयांचा गॅस भरून गेला. चार आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस, या वेळी पंधराशे. आणि मग एका साखरपुड्याच्या ऑर्डरचं 9 किलो श्रीखंड एका रात्रीत खराब झालं. आमच्यातल्या आक्का आणि त्यांची धाकटी सून, दोघींनी चक्का बांधण्यापासून सगळी मेहनत केलेली. सकाळी डबा उघडला तेव्हा वास आला. आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायला आक्का स्वतः चालत गेल्या.

त्या संध्याकाळच्या बैठकीत काय काय बोलणं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. फ्रिज भंगारात द्या, असं निम्म्या जणी म्हणत होत्या. नुकसान कुणी सोसायचं, हा खरा वाद होता. माल बनवणारीनं, की फ्रिज घ्या म्हणणारीनं, की सगळ्या गटानं? आमच्या नियमांच्या वहीत यावर एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझा मावसभाऊ आला. तो तालुक्याला एसी-फ्रिजच्या कामावर जातो. त्यानं मशीनकडे बघितलंच नाही. खिशातून दहाची नोट काढली, दाराच्या कडेत धरली, दार लावलं आणि नोट ओढली. ती सुळकन बाहेर आली. खालच्या कोपऱ्यात तर नोट लावायचीही गरज नव्हती, तिथून आमच्या आक्कांची करंगळी गेली असती.

आता हे दार कसं बनतं ते ऐका, म्हणजे पुढचं सगळं कळेल. बाहेरून रंगवलेला पातळ पत्रा. आतून पांढरं प्लास्टिक, ज्याला बाटल्यांचे कप्पे असतात. आणि या दोहोंच्या मध्ये फोम, तोही चिकटून बसलेला. उष्णता आत येऊ न देण्याचं काम फोमचं. आणि चारही बाजूंनी फिरलेलं जे मऊ रबर आपण म्हणतो, त्याला दुकानात गॅस्केट म्हणतात. ते खरं तर मऊ प्लास्टिक असतं. त्याच्या पोटात लोहचुंबकाची लांब पट्टी घातलेली असते. दार जवळ नेलं की ती पट्टी फ्रिजच्या पत्र्याला ओढून धरते आणि गॅस्केटच्या घड्या दबून फट बंद होते. दाराला कडी नसते ती यामुळे.

आता हे रबर कडक झालं, चिरलं, कोपऱ्यात आखडलं, की बाहेरची हवा आत शिरते. नुसती उष्णता नाही, हवेतला दमटपणाही आत येतो. तो दमटपणा बर्फाच्या कप्प्यावर जाऊन गोठतो. बर्फाचा थर जाड झाला की तो गोधडीसारखं काम करतो. मशीन आत थंडावा तयार करतंय, पण तो गोधडीच्या आतच राहतो, खालच्या कप्प्यांपर्यंत उतरत नाही. म्हणून वर डोंगर आणि खाली आंबट दही. मशीन बिचारं थांबत नाही आणि बिल वाढत जातं. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण हवाच ओली असते.

यातूनच एक खूण लक्षात ठेवा. फ्रिज गार करत नाही आणि बर्फही नीट जमत नाही, कप्प्याच्या एखाद्याच कोपऱ्यात थोडा जमतो, तर गॅस कमी झाल्याची शंका घ्यायला जागा आहे. पण बर्फ नको इतका जमतोय आणि तरी खाली गार होत नाही, तर बहुतेक वेळा दार बघायचं. आम्ही दोनदा गॅसचे पैसे दिले तेव्हा कप्प्यात वीतभर बर्फ होता. मेकॅनिकला हे विचारायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं.

तपासणी घरच्या घरी होते. नोट किंवा वहीच्या कागदाची पट्टी दारात धरा, दार लावा, ओढा. ओढताना हाताला अडखळ जाणवली पाहिजे. चार-चार बोटांच्या अंतरानं चारही बाजूंनी असं करा, बिजागरीच्या बाजूनंही. सैल जागांवर खडूनं खूण करा. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी लावून मोबाइल आत ठेवला आणि दार लावलं, तर जिथं फट आहे तिथून उजेडाची रेघ दिसते. मोबाइल मात्र आठवणीनं बाहेर काढा. आमच्याकडे एकीचा फोन अर्धा तास आत वाजत होता.

फट सापडली म्हणजे लगेच नवं रबर आणायचं असं नाही. आधी स्वच्छ करा. घड्यांमध्ये दुधाचे थेंब, साखर, काळी बुरशी साचते आणि त्यानंच रबर नीट बसत नाही. फ्रिजचा प्लग काढा. कोमट पाणी, थोडा साबण किंवा चिमूटभर खायचा सोडा, आणि जुना मऊ दात घासायचा ब्रश. घडी बोटानं उघडून घासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, कोरडं करायचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर, बाथरूमचं ॲसिड यातलं काही लावू नका. त्या दिवसापुरतं चकचकीत दिसतं, मग कडक होऊन चिरतं.

रबर चांगलं आहे पण एखाद्या ठिकाणी आत वळलंय, असं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागेवर दोन-चार मिनिटं धरा. मऊ पडलं की बोटांनी बाहेर ओढून आकारात आणा. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम. मग दार लावून रात्रभर चिकटपट्टीनं बांधून ठेवा. बिजागरीच्या बाजूला दार उघडताना रबर घासून दुमडतं, तिथं व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला तर ते सरकतं.

कधी कधी रबराचा दोषच नसतो, दारच खाली आलेलं असतं. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दारात भरल्या की सगळं वजन बिजागरीवर येतं. दार रिकामं करा आणि हातानं वर उचलून बघा, हलतं का. वरच्या बिजागरीचे बोल्ट पान्यानं आवळून घ्या. तरी उतरलेलं राहिलं तर खालच्या बिजागरीत एक वायसर घालतात, त्यानं दार वर येतं. आणि फ्रिजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच हवेत, म्हणजे दार अर्धं सोडलं तरी आपसूक मिटतं. आमच्या खोलीची शहाबादी फरशी पुढे उतरती होती. दार स्वतःहून उघडत होतं आणि आम्ही एकमेकींना म्हणत होतो, “कोण उघडं टाकून जातं गं?”

आमचं रबर मात्र तीन ठिकाणी चिरलेलं होतं, ते बदलावंच लागलं. नवं मागवताना फ्रिजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या कागदावरचा मॉडेल नंबर लिहून न्या, मोबाइलवर फोटोच काढा. जुन्या मॉडेलचं मिळालं नाही तर मापानं बनवून देणारे तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी असतात. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, आणि रबराची कड जवळून दिसेल असा फोटो न्या, कारण खाचेत बसणारा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. आम्हाला साडेसहाशे रुपये पडले.

बसवणं अवघड नाही. काही दारांत रबर नुसतं खाचेत दाबलेलं असतं, एका कोपऱ्यापासून ओढलं की निघत जातं. काहींत रबराची कड उचलली की खाली स्क्रू दिसतात. ते सगळे काढून टाकू नका, आतलं प्लास्टिक सुटून हातात येतं. सैल करा, जुनं काढा, नव्याची कड आत सरकवा आणि मग थोडे थोडे आवळत जा. एकीकडे घट्ट आणि एकीकडे सैल झालं तर दार पिळवटतं. नवं रबर घडी घालून आलेलं असतं, ते आधी कोमट पाण्यात ठेवून मऊ करा. चारही कोपरे पहिल्यांदा बसवा, मग मधला भाग. नंतर पुन्हा नोटेची परीक्षा.

आता पत्र्याकडे येते. आमच्या दाराची खालची चार बोटं गंजून भोकं पडली होती. आमच्याकडे फरशी पुसताना पाणी सपकन मारायची सवय, ते दाराच्या खालच्या कडेत शिरतं. वर आधीच्या मालकानं गुलाबाच्या फुलांचं स्टिकर लावलं होतं. स्टिकरखाली गंज दिसत नाही, पण ओल अडकून तो वाढतो मात्र झपाट्यानं. मी विकत घेताना ती फुलं बघूनच भुलले होते.

तुम्ही टीव्हीवर राहत्या घरासारख्या गाड्या बघितल्या असतील, मोटरहोम म्हणतात. 2021 मध्ये आपल्या राज्य सरकारनं त्यांच्या पर्यटनाचं धोरणही आणलं. त्या गाड्यांतल्या पुष्कळ फ्रिजांना दाराच्या चौकटीत एक पातळ फळी सरकवलेली असते. खराब झाली की चौकटीची पट्टी काढायची, जुनी ओढायची, नवी सरकवायची. फोमला हातही लागत नाही. आपल्या घरगुती फ्रिजचं तसं नाही. पत्रा, फोम, प्लास्टिक सगळं एकजीव. पत्रा सोलून काढायला गेलात तर दार गेलं समजा. म्हणून आपण पत्रा बदलायचा नाही, त्याला ठिगळ लावायचं.

आम्ही असं केलं. प्लग काढून फ्रिज पूर्ण रिकामा केला. भावानं दार उतरवलं, रबर काढून बाजूला ठेवलं आणि दार मोकळ्या हवेत तीन दिवस सुकवलं. भोकांतून दिसणारा फोम ओला होता, आणि ओला फोम थंडावा धरत नाही. मग स्टिकर काढून गंज जाड पॉलिश पेपरनं घासला, आधी 120 नंबर, नंतर 320. गंजाची भुकटी पुसली आणि उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात मारला. पत्र्याच्या दुकानातून पातळ जस्ती पत्र्याची पट्टी दाराच्या रुंदीइतकी कापून आणली, कडा घासून बोथट केल्या आणि सिलिकॉननं चिकटवली. स्क्रू मारले नाहीत, कारण प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. वरच्या कडेला सिलिकॉनची सलग रेघ ओढली. बारीक खड्डे लांबी भरून घासले. शेवटी ऑइलपेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो आणि महिनोन्महिने चिकट राहतो. पत्रा, रंग, सिलिकॉन, पॉलिश पेपर मिळून 420 रुपये झाले.

यात काही गोष्टी जपायच्या. रंगकाम अंगणात करा, चुलीपासून आणि शेगडीपासून लांब. आतल्या पांढऱ्या प्लास्टिकला रंग लावू नका, त्याचा वास दुधाला लागतो. काम झाल्यावर दोन दिवस दार उघडं ठेवून वास जाऊ द्या, मगच माल ठेवा. आणि फ्रिजच्या अंगाला, बाजूच्या पत्र्याला किंवा दाराच्या चौकटीला कधीही ड्रिल मारू नका. पुष्कळ फ्रिजांत बाजूच्या पत्र्याआड आणि चौकटीच्या कडेनं गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. मागच्या कागदावर आर 600 ए असं लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे. बर्फ काढायला सुरी घालणाऱ्या वहिनींनो, तुम्हालाही हेच सांगणं. कप्प्याची नळी सुरीच्या टोकानं फुटते. बर्फ पाव इंचाचा झाला की फ्रिज बंद करून त्याला आपोआप वितळू द्या.

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रबर, रंग सगळं बाजूला ठेवा. आधी प्लग काढा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्या आपणच असतो.

काम झाल्यावर मी एक उद्योग केला. गटाच्या खोलीला सब-मीटर आहे. दुरुस्तीच्या आधी एका दिवसाचं रीडिंग घेतलं होतं, दिवे-पंखे बंद ठेवून. 24 तासांत 2.1 युनिट गेले होते. दुरुस्तीनंतर तसंच मोजलं तर 1.2. म्हणजे महिन्याला 27 युनिट आम्ही दाराच्या फटीतून बाहेर सोडत होतो. साठ-सत्तर रुपयांचा थर्मामीटरही आणला. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात तो रात्रभर ठेवते. 5 अंश किंवा त्याखाली असेल तरच दुधाचा माल ठेवायचा. आणि लाइट गेली की दार उघडायचंच नाही. रबर चांगलं असेल तर साधारण 4 तास आतला माल टिकतो. सारखं उघडून “अजून गार आहे का” बघत राहिलं तर नाही टिकत.

आता त्या 9 किलो श्रीखंडाचं. 240 रुपये किलोनं 2,160 रुपये. तीन बैठका झाल्या. शेवटी अर्धे गटानं सोसले, उरलेल्यातले पाचशे मी दिले आणि बाकीचे आक्कांच्या नफ्यातून चार महिन्यांत वळते करायचे ठरले. आक्कांना ते अजून पटलेलं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही. वस्तू गटाची होती, निर्णय गटाचा होता. पण त्या दिवशी बैठकीत तेवढंच मान्य झालं. आता नियमांच्या वहीत ओळ घातली आहे: गटाच्या यंत्रामुळे माल खराब झाला तर नुकसान गटाचं. तुमच्या वहीत ही ओळ आहे का, ते नुकसान होण्याच्या आधी बघा. गॅसचे 3,300 रुपये मात्र गेले ते गेले. मेकॅनिक म्हणाला, “मी भरला होता, तुम्ही दार नीट लावत नाही.”

जुना फ्रिज घ्यायला जाणार असाल तर पर्समध्ये दहाची नोट ठेवा, दुकानदारासमोर लावून बघायला लाजू नका. स्टिकर असेल तर खालचा कोपरा उचलून बघा. दाराच्या पत्र्यावर बोटानं टकटक करा, बसका आवाज यायला हवा. पोकळ आला तर आत फोम सुटलाय. फ्रिज तासभर चालू ठेवायला सांगा आणि मागचा कागद वाचा. आतलं प्लास्टिक मोठं चिरलेलं असेल किंवा मशीनच धापा टाकत असेल, तर दार कितीही चांगलं असलं तरी तो फ्रिज सोडून द्या.

आणि एक, भंगारात काढलेल्या फ्रिजबद्दल. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून खटका असायचा. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजांत खेळताना मुलं लपायची, खटका बसायचा, आतून दार उघडायचं नाही आणि मुलं गुदमरून जायची. म्हणून 1956 मध्ये तिथं कायदाच झाला, की दार आतून ढकललं की उघडलं पाहिजे. चुंबकाचं रबर सगळीकडे आलं ते यातून. पण लहान लेकराला आतून ढकलायचं सुचत नाही, आणि आडव्या पडलेल्या फ्रिजचं दार त्याला उचलतही नाही. भंगारवाला येईपर्यंत जुना फ्रिज अंगणात, गोठ्याशेजारी ठेवणार असाल तर त्याच दिवशी बिजागऱ्या खोला आणि दार काढून वेगळं ठेवा.